बातमीचा शेजार

लेखावर लेखकाचं नाव नव्हतं. तशी पद्धतच होती. संशोधनाच्या त्रैमासिकाकडे आलेला लेख नाव खोडून कुणा जाणत्याकडे पाठवायचा आणि जाणत्यानं आपलं नाव न सांगता त्यावर अभिप्राय द्यायचा. म्हणजे मारणाऱ्याला कळू नये आपण कुणाला मारतोय, आणि मार खाणाऱ्याला कळू नये कुणी मारलं. प्राध्यापकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी असे लेख त्यांच्याकडे येत, आणि सकाळचा दुसरा चहा घेता घेता लाल पेन्सिलीनं त्यांची बिनपाण्यानं हजामत करणं हा त्यांचा उरलेला एकुलता एक शौक होता. संपादक त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या, ‘सर, हा विषय तुमच्याशिवाय कोण बघणार? तुमचा शब्द शेवटचा.’ प्राध्यापकांनी खूश होऊन चष्मा चढवला, शीर्षक वाचलं आणि चहाचा घोट भलतीकडेच गेला. ठसका इतका जोराचा लागला की शेजारच्या गॅलरीतून बाईंनी ‘अहो, पाणी प्या, पाणी!’ म्हणून हाक दिली. शीर्षक होतं, ‘छत्रीवाली : एका न झालेल्या भाषणाचा इतिहास’.

छत्रीवाली प्राध्यापकांची होती. आपला चष्मा, आपली कंबरदुखी, तशी आपली छत्रीवाली. फार पूर्वी शहरातल्या कपडे धुण्याच्या कारखान्यांत संप झाला होता. संपाच्या सभेत व्यासपीठावर सगळे पुरुष, भाषणं पुरुषांची, टाळ्याही पुरुषांच्याच. आणि अचानक मागच्या रांगेतून एक धुणारी बाई उठली, पुढे आली, हातातली छत्री टेबलावर आपटली आणि अध्यक्षांना म्हणाली, ‘तुम्ही बसा आता. हात आमचे सोललेत.’ एका साप्ताहिकातली आठ-नऊ ओळींची बातमी, एवढाच तिचा पुरावा. नाव नाही, वय नाही, पुढे तिचं काय झालं त्याचा पत्ता नाही. तेवढ्या ओळींवर प्राध्यापकांनी एक प्रकरण उभं केलं, प्रकरणावर पुस्तक उभं राहिलं आणि पुस्तकावर प्राध्यापक. मग शाळेच्या पुस्तकात धडा आला, आणि शाळाशाळांतून मुली आईच्या छत्र्या बाकांवर आपटून मोडायला लागल्या. जुन्या कारखान्यापाशी चौकाला तिचं नाव मिळालं, आणि ऊन असो की पाऊस, कंडक्टर ‘छत्री, छत्री, चला उतरा’ असं ओरडू लागले. येत्या महिन्यात पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघायची होती, त्याच दिवशी सत्कार होता, आणि सत्कारात प्राध्यापकांना चांदीची छत्री द्यायचं घाटत होतं. चांदीच्या छत्रीचं करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला होता. पण तो सुखाचा प्रश्न होता.

लेख म्हणत होता, ती बाई उठलीच नाही. कुठेही आवाज न चढवता म्हणत होता. बातमी छापली गेली होती, तारीख बरोबर होती, पानही बरोबर होतं. पण त्या पानावर ती ज्या सदरात होती त्या सदराचं नाव होतं, ‘या आठवड्यात न घडलेले’. साप्ताहिकातला कुणी वाह्यात उपसंपादक दर आठवड्याला न घडलेल्या गोष्टी बातम्यांसारख्या गंभीर चेहऱ्यानं लिहायचा. वरच्या मजल्यावरच्या नळांना पाणी आले. नगराध्यक्ष खड्ड्यात पडले व रस्त्यात खड्डा असल्याचे त्यांनी मान्य केले. आणि धुलाई कामगारांच्या सभेत एक बाई बोलली. बाईनं सभेत बोलणं हे त्या काळी वरच्या मजल्यावर पाणी चढण्याइतकंच हसण्यासारखं होतं, असं लेखकानं लिहिलं होतं, आणि पुढे एक वाक्य होतं, ‘छत्रीवाली उभी राहिली नाही. जे तिला उभं राहू देत नव्हते त्यांनी ती उभी राहिल्याचा विनोद केला, आणि आपण त्या विनोदाला इतिहास समजून बसलो. न उठलेल्या त्या बायकांचा इतिहास मात्र लिहायचा राहिला तो राहिलाच.’

प्राध्यापकांनी लाल पेन्सिल उचलली. समासात ‘पुरावा?’ लिहिलं. त्याच्या खाली ‘उथळ’ लिहिलं. एके ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तिथं इतका मोठा गोल केला की कागद फाटला. असेल कुणी कालचं पोर. आजकाल दुसऱ्याच्या घराला काडी लावल्याशिवाय या लोकांना उजेड पडत नाही. अंगात कशी झणझण झाली होती, कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. वय झाल्यापासून एवढा राग त्यांना आला नव्हता. त्या रागाच्या भरात त्यांनी पान उलटलं आणि तळटीप वाचली. ‘या बातमीचा शेजार : वर नळांचे पाणी, खाली हसणारा पोस्टमन, डावीकडे केस काळे करण्याच्या तेलाची जाहिरात, उजवीकडे पानाची कड.’ पेन्सिल होती तिथंच राहिली. शेजार. संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात हा शब्द या अर्थानं नव्हता. त्यांनी तो कधी वर्गात उच्चारला नव्हता, कधी लिहिला नव्हता. तो त्यांच्या घरातला शब्द होता. घरात तो दोघांनाच माहीत होता, आणि दुसरी माहीतगार लग्न होऊन, लग्न मोडून, आता दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकवत होती.

मुलगी लहान असताना शाळेला सुट्टी लागली की तिला सांभाळायचं कुणी हा प्रश्न असायचा, कारण तिची आई नोकरीला जायची. मग प्राध्यापक तिला ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रांच्या दालनात न्यायचे. ती टेबलाखाली पाय पसरून बसायची, म्हणून तिचं नाव त्यांनी तळटीप ठेवलं होतं. ‘तळटीप, भूक लागली का गं?’ असं विचारलं की टेबलाखालून ‘पान क्रमांक बारा पहा’ असं उत्तर यायचं. तिथं, जुन्या कागदाच्या त्या आंबूस, नाकात हुळहुळणाऱ्या वासात, त्यांनी तिला शिकवलं होतं की बातमी कधी एकटी राहत नाही, तिला शेजारपाजार असतो. एखाद्या माणसाबद्दल खरं काय ते त्याला विचारून कळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत विचारावं लागतं, बातमीचंही तसंच. मग खेळ सुरू व्हायचा. प्राध्यापक एका बातमीवर तळहात ठेवायचे, ती भोवतालचं सगळं वाचायची, आणि हाताखाली काय आहे ते ओळखायची. ‘वर साबण, खाली दंतमंजन, बाबा, ही बातमी नाहीच, बातमीचे कपडे घातलेली जाहिरात आहे.’ हात उचलला की खरंच तसं असायचं. तिचा तो आनंदाचा चीत्कार ऐकून दालनातले म्हातारे वर बघायचे. विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नाही. छापायला घेतलं असतं तर पोरकट दिसलं असतं. विद्वत्तेला जड शब्द लागतात, आणि शेजार हा शब्द फारच हलका होता, कुणाच्याही तोंडात बसणारा.

छत्रीवालीच्या बातमीला शेजारच नव्हता. ती त्यांना मिळाली तीच कात्रण म्हणून. पुस्तक छापायला जायचं होतं, प्रकाशक घाई करत होता, ग्रंथालयाचं दालन दुरुस्तीसाठी बंद होतं, आणि एका वारलेल्या वकिलाच्या घरून कात्रणांचं बाड हाती आलं. वकील मोठा नेटका माणूस असावा. नख कापावं तशी बातमी कापलेली, कडेला एक अक्षर जास्तीचं नाही, मागच्या बाजूला शाईनं साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान. प्राध्यापकांनी पुस्तकात तारीख दिली, पान दिलं, आणि हाताच्या सवयीनं पुढे नेहमीचे शब्द लिहिले : अंक प्रत्यक्ष पाहिला. बाकी सगळ्या संदर्भांच्या बाबतीत ते शब्द खरे होते. दालन उघडलं की बघून घेऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलंही होतं. दालन उघडलं. आधी वेळ नव्हता, मग धडा आला, मग चौक झाला, आणि चौक झाल्यावर अंक मागवायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना कधी संशय आला, असं नव्हतं. संशय येणार नाही याची ते काळजी घेत होते, एवढंच, आणि ही काळजी इतकी अंगवळणी पडली की दालनात दुसऱ्या कामासाठी गेले तरी त्या साप्ताहिकाच्या कपाटावरून त्यांची नजर आपोआप घसरून पुढे जायची. वर्गात मात्र गरजायचे, ‘मूळ अंक हातात घेतल्याशिवाय एक ओळ लिहाल तर याद राखा!’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे त्यांना आज सुचत होतं, तेही स्वतःच्याच खुर्चीत, थंड झालेल्या चहावर साय धरत असताना.

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. ती छत्रीवालीला सवत म्हणायची. घरी मंडळी जमायची, छत्रीवालीवर तावातावानं बोलणं चालायचं, बायको सगळ्यांना पोहे देता देता काही म्हणायला जायची, आणि प्राध्यापक तिच्याकडे न बघताच ‘तू मध्ये बोलू नकोस’ म्हणायचे. एकदा बशा गोळा करताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, ‘तिचं बरं आहे बाई. तिला छापलंय. तिला आता कोण गप्प करणार?’ मंडळी खो खो हसली. प्राध्यापकही हसले. तिनं नेमकं काय सांगायला तोंड उघडलं होतं ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि नंतरही नाही. आता त्यांनी आठवायचा प्रयत्न केला तरी फक्त बशांचा आवाज आठवत होता. मग, सवयीनं, त्यांनी पुन्हा लेखाकडे पाहिलं.

वाक्यं तिचीच होती. आता ओळखल्यावर प्रत्येक ओळीत तिचा आवाज यायला लागला, जसं अंधारात कोण चालतंय ते एकदा कळलं की पावलंसुद्धा त्याचीच वाटतात. आणि हिनं लिहावं! छत्रीवाली नसण्यात जगात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं असेल तर हिचं. एका भर दुपारी ती बॅग घेऊन माहेरी आली होती. डोळे सुजलेले, पण ताठ. म्हणाली, ‘बाबा, सगळे जेवायला बसले होते. नेहमीसारखं माझ्याबद्दल चाललं होतं, मी तिथं नसल्यासारखं. मी वाढत होते. माझ्या हातात डाव होता. तोच आपटला टेबलावर. म्हटलं, तुम्ही बसा आता.’ आमटी सासऱ्यांच्या चष्म्यावर उडाली, हे सांगताना ती हसली होती, आणि हसता हसता रडली होती. ‘तुमची ती नसती ना, तर मला उठता आलं नसतं.’ प्राध्यापकांचा ऊर भरून आला होता. हा प्रसंग त्यांनी पुढे नाव न घेता कितीतरी व्याख्यानांत सांगितला, डावासकट. टाळ्या हमखास. आणि त्याच मुलीनं, जिचं सगळं आयुष्य त्या आठ-नऊ ओळींवर उभं होतं, तिनं एक दिवस मूळ अंक मागवला. बातमीवर हात ठेवून शेजार वाचला. हात उचलला. त्यानंतर ती त्या दालनात एकटी किती वेळ बसली असेल, आणि टेबलाखाली बघावंसं तिला वाटलं असेल का, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते घाईघाईनं झटकून टाकलं.

तिनं हे फोनवरच का सांगितलं नाही? हे त्यांना थोड्या वेळानं समजलं, आणि समजल्यावर नको झालं. फोनवर सांगितलं असतं तर बापाला तोंडावर विचारल्यासारखं झालं असतं. लेख त्रैमासिकाकडे गेला की तो त्यांच्याकडेच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. या विषयावर दुसरं होतं कोण? शेजार हा शब्द तिनं चुकून लिहिलेला नव्हता. बिननावाच्या खोलीत बापलेकीनं समोरासमोर बसावं, बापानं आपणहून खरं म्हणावं, आणि कुणाची मान खाली जाऊ नये, अशी तिनं सोय केली होती. अभिप्रायात फक्त ‘छापा’ एवढं लिहायचं होतं. नंतर सुधारित आवृत्तीत ते प्रकरण खरोखरच सुधारता आलं असतं. मुलीनं बापाची लाज राखायला एवढी मोठी युक्ती करावी, हे प्राध्यापकांना लेखापेक्षाही झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात गेले. जिना चढताना गुडघे कुरकुरले. दालनातल्या ग्रंथपाल बाई त्यांना वर्षानुवर्षं ओळखत. त्या उठून म्हणाल्या, ‘या सर. अंक काढून ठेवलाय.’

‘कुठला अंक?’

‘अहो, तुमची मुलगी येऊन गेली ना मागे. म्हणाली, बाबा येतील हा अंक बघायला, बघितल्याशिवाय राहायचे नाहीत, तोवर आत ठेवू नका. मी म्हटलं, सरांचं मला सांगतेस?’

बांधीव फाईल टेबलावर आली, खुणेचा कागद आधीच घातलेला होता. त्यांनी पान उघडलं आणि वर न बघता आधी बातमीवर तळहात ठेवला. कागद गार होता, कडांना बिस्किटासारखा भुरभुरत होता. नळांचं पाणी. पोस्टमन हसला. काळ्याभोर केसांचा माणूस तेलाची बाटली धरून उभा. सगळ्यांच्या वर, नक्षीदार चौकटीत, जाड टायपात ‘या आठवड्यात न घडलेले’. त्यांनी हात उचलला. इतकी वर्षं पाठ असलेल्या ओळी त्या शेजारात बसल्याबरोबर निराळ्याच झाल्या. ‘तुम्ही बसा आता. हात आमचे सोललेत.’ यात काय हसण्यासारखं होतं ते आत्ता पहिल्यांदा कळलं. कुणी तरी हे मोठ्यानं वाचलं असेल, ऐकणाऱ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या असतील. त्यांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. आणि मग, काही वेळानं, छातीवरून कुणी तरी दगड उचलावा तसं हलकं वाटलं. खरं ते दिसलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं मनात मजकूर जुळवला : लेख उत्तम आहे, जरूर छापावा, माझ्या पुस्तकातलं प्रकरण मी मागे घेत आहे. वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. पोर हुशार निघाली, असंही त्यांना वाटलं, आणि अगदी मनापासून वाटलं. त्या क्षणी कुणी कागद पुढे केला असता तर त्यांनी सही करून टाकली असती.

पण घरी जायचं तर बस होती. बसला गर्दी होती. ‘छत्री, छत्री,’ कंडक्टर ओरडला, आणि एक माणूस प्राध्यापकांकडे निरखून बघत जागेवरून उठला. ‘सर ना तुम्ही? बसा, बसा. तुमचा धडा होता आम्हाला. माझ्या मुलीला तर तोंडपाठ आहे.’ त्यानं आजूबाजूच्या चार लोकांनाही सांगितलं. लोकांनी माना वळवून पाहिलं, एका बाईनं नमस्कार केला. ‘बसा हो सर, तुम्ही बसा आता,’ माणूस म्हणाला, आणि प्राध्यापक बसले. सीट उबदार होती. खिडकीतून वारा येत होता. उतरायची वेळ येईपर्यंत ते जुळवलेलं वाक्य थोडं लांबलं होतं, त्यात ‘तथापि’ आला होता. जिना चढेपर्यंत ‘सकृद्दर्शनी’ आला. कुलूप उघडून ते टेबलाशी बसले तेव्हा मूळ वाक्यातलं काही शिल्लक नव्हतं.

त्यांनी स्वच्छ अक्षरात अभिप्राय लिहिला. ‘विषय लक्षवेधी असला तरी लेखकाची सारी मदार एका अंकावर आहे. सदर अंक प्रयत्न करूनही अभिप्रायकास उपलब्ध होऊ शकला नाही. पडताळणीच्या अभावी लेख प्रसिद्धीस अयोग्य.’ पूर्वी न पाहिलेला अंक पाहिला म्हणून लिहिला होता, आता पाहिलेला अंक न पाहिलेला झाला. फिटंफाट झाली, असं म्हणायला हरकत नव्हती. लाल पेन्सिलीनं केलेल्या खुणा त्यांनी खोडरबरानं पुसल्या. ‘उथळ’ पुसलं गेलं, पण कागदावर वळ राहिले. संपादकाचा लगेच फोन आला, ‘वा सर, नेहमीप्रमाणे रोखठोक. मी लेखकाला कळवून टाकतो.’ मग त्यानं सत्काराला शाल कोणत्या रंगाची हवी ते विचारलं, आणि प्राध्यापकांनी विचार करून रंग सांगितला.

रविवारी संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, तसा आला. गोळ्या घेता का, कामवाली येते का, गुडघ्यांना तेल लावता का, सगळं नेहमीच्या क्रमानं झालं. प्राध्यापक नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. शेजारच्या बाईंचं सांगितलं, पाण्याच्या वेळा बदलल्या ते सांगितलं. ती हं, हं करत होती. मग म्हणाली, ‘सध्या काही वाचताय का बाबा?’

‘छे गं. एक लेख आला होता अभिप्रायाला. परत पाठवला.’

‘का?’

त्यांना वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. एक शब्द पुरेसा होता, ती बाकीचं स्वतःच बोलली असती, चिडली असती, कदाचित हसलीही असती.

‘अंक मिळाला नाही,’ ते म्हणाले.

‘ग्रंथालयात गेला नव्हतात?’

‘गुडघे बघतेस ना माझे? जिना कोण चढणार?’

पलीकडे कुठे तरी नळ वाहत होता. कुणी तरी तो बंद केला. प्राध्यापक वाट बघत राहिले. तिनं भांडावं, काही तरी आपटावं, निदान विचारावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण तिचा आवाज आला तो अगदी शांत, अदबशीर आवाज होता. निकाल ऐकून दारातून परत फिरणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या तोंडून त्यांनी तो ऐकला होता, तिच्या तोंडून कधीच नाही.

‘बरं सर,’ ती म्हणाली. ‘ठेवते.’